फुकटचे कान

दुपारी दीडला डाळमिल जेवायला थांबते,
तेवढाच पाऊण तास आमचं उदगीर ऐकू येतं.
कूलर बंद. पंखा बंद.
मन्मथप्पा बनियनवर बसतात, पुढ्यात पेटी,
वाजवायला नाही, मोजायला.

मी चौबाऱ्याजवळ मोबाइलच्या दुकानात असतो.
बत्तीस जीबीच्या कार्डात भरून आणलीत
नऊशे अकरा गाणी, सगळी फुकट:
कुणाकुणाच्या माळ्यावरच्या कॅसेटी,
कुणाच्या तरी मुलानं धूळ पुसून
जगाला वाटून टाकलेल्या.

पहिल्याच दिवशी म्हटलं होतं,
धर्माची गाय, अप्पा, दात कशाला मोजायचे?
"गाय कुणाची का असंना,
दूध मलाच प्यायचंय ना?"

ते गाणं नाही ऐकत आधी.
गाण्याच्या आधीचं ऐकतात:
माइक सरकवतानाची खरखर, कुणाचा घसा,
आणि त्याखाली विजेची घुरघुर.
"औसा असो की औराद, लाइटीचा सूर एकच.
पांढरी पाचच्या जरा वर, काळी चारच्या खाली.
तो तिथून हलला की समज, टेप पळूलालीय."
आणि पेटीची एक पट्टी दाबून
सबंध मैफलीला पकडतात, पळताना.

एका रेकॉर्डिंगची खरखर कुणीतरी
इतकी घासून काढलेली
की तंबोराच धुऊन गेला.
"आंघोळ घातली की कातडं सोललं?"
दोन मार्क.
एकात द्रुत सुरू झालं आणि कॅसेट संपली.
अप्पांचा हात समेवर यायला निघालेला,
तो तसाच हवेत राहिला.
मार्क दिलेच नाहीत त्याला.

मी वहीत लिहितो. आवाज किती, गाणं किती, साथ किती.
"उदार होऊ नको," ते बजावतात.
"फुकट आहे म्हणून चांगलं नसतं
आणि जुनं आहे म्हणून तर मुळीच नसतं."

चारशे बारावं.
गायक माहीत नाही, गाव माहीत नाही,
राग पूरिया, पुढं प्रश्नचिन्ह.
"मारवा आहे," अप्पा म्हणाले, पहिल्याच रिषभाला.
आवाज मडक्यातून आल्यासारखा,
मागं कुठंतरी बैल हंबरतोय,
आणि तो म्हातारा गळा
सा टाळत टाळत, उपाशी माणसानं ताट टाळावं तसा.
मी वही खाली ठेवली.

अप्पांनी हात वर केला. थांबव.
"मारव्याला पंचमाची तार?
कोण गाढव बसलंय तंबोऱ्याला?"

मी पुन्हा लावलं.
गायक थांबला. हळूच, माइकपासून तोंड वळवून म्हणाला,
मन्मथ, निषाद कर रे.

मग नुसती खुंटी करकरली.
पंचम वर सरकला, चाचपडत, धैवताला अडखळला,
पुढं गेला, निषादाला लागला.
गाणं पुन्हा उचललं गेलं, काही झालंच नाही असं.

तीनदा ऐकलं. अप्पा खुंटीकडंच कान लावून,
उजव्या हाताची दोन बोटं
मांडीवर नसलेली खुंटी पिळत.

"लिही," म्हणाले. "आवाज तीन. गाणं नऊ.
तंबोरा नापास."
मग सुधारला, असं लिहू का?
"मग कधी? आधी बसायचं आणि मग सुधारायचं?
नापासच लिही. ऐकणाऱ्याला कळाय पाहिजे."
गावाचं नाव विचारलं तर म्हणाले,
देवणीचा बाजार, बैलावरनं ओळखायचं होतंस.
गायकाचं नाव सांगितलं नाही.
घसा खाकरला, पाणी मागितलं.

भांडं घेऊन आलो तर म्हणतात,
"वाईट आहे म्हणून खोडू नको हं त्याला."

पावणेतीनला मिलची मोटर सुरू झाली,
तासाभरानं का होईना, जेवून.
भिंतीवरची धूळ थरथरली.
अप्पांनी सवयीनं पांढरी पाच दाबली, कान दिला.
"लाइट सुरात आहे," म्हणाले,
आणि भाता मिटला.
चारशे नव्याण्णव उरलीत.